माइम मुका कधी झाला?

हे वडसा, जिल्हा गडचिरोली. दिवाळी झाली, धान घरात आला की इकडं झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्रभर चालतात, अन् माइकवरचे डायलॉग पार बाजूच्या गावात ऐकू जातात. इथल्या माणसाला सांगा की बाप्पा, माइम म्हणून असंही नाटक असते ज्यात कोणी तोंडच उघडत नाही, तर तो म्हणेल मग तिकीट काहून काढायचं?

बरोबर आहे त्याचं. माइम आधी मुका नव्हताच! जुन्या ग्रीसमधले माइमवाले मस्त बोलायचे, रोजच्या जगण्यातल्या नकला, टवाळी, सगळं. रोममधे पॅन्टोमाइम आला, त्यात मुखवटा घातलेला एकच नट नाचायचा न् गोष्ट गाणारे वेगळे.

खरी गंमत पॅरिसची. 18व्या शतकाच्या सुरुवातीला कोमेदी फ्रान्सेज या राजाश्रयाच्या कंपनीनं हक्क सांगितला, डायलॉग आम्हीच म्हणणार, जत्रेतल्या नटांना बोलायची बंदी. मग या नटांनी काय करावं? गाण्याचे बोल पाट्यांवर लिहून वर धरले, अन् पब्लिकच गायला लागली!

पुढं देब्युरो नावाचा नट आला, 1796 चा जन्म, त्याचा पांढऱ्या चेहऱ्याचा विदूषक पिएरो पॅरिसमधे भारी गाजला. नंतर एतिएन देक्रू, हा तर चेहराही झाकायचा, म्हणे बोलायचं ते अंगानं. त्याचाच शिष्य मार्सेल मार्सो, ज्यानं 1947 मधे बिप हे पात्र उभं केलं, चुरगळलेली हॅट न् त्यावर फूल.

काही जण ठोकून देतात की नाट्यशास्त्रात आंगिक म्हणजे अंगानं करायचा अभिनय आहे म्हणजे माइम आपलाच. मला नाही पटत, तिथं वाचिक म्हणजे बोलण्याचा अभिनयही सोबतच आहे, शब्द कोणी काढून टाकलेले नाहीत.

आता माइमवाले हवेत हात टेकवून दाखवतात ती न दिसणारी भिंत. सगळा खेळ तळहाताचा. हात हवेत टेकला की तिथंच थांबला पाहिजे, मग अंग हलो, पाय सरको, हात जागचा ढळता कामा नये, वीतभर जरी सरकला तरी भिंत पडली समजा.

आपल्याकडं कॉलेजच्या युवा महोत्सवात मूकाभिनय असतो, तिथं पोट्टे बहुतेक कर्ज अन् फाशीचा दोरच घेऊन येतात, रडवणं सोपं असते ना राजेहो. त्यापेक्षा पोळ्याचा बैल रंगवून दाखवा म्हणा! एक शिंग रंगवलं, वाकून ब्रश बुडवला, परत उठले, तर दुसरं शिंग त्याच उंचीवर सापडलं पाहिजे.