कपाटातल्या कातड्यातला डीएनए

[दृश्य: संग्रहालयातलं कपाट. उघडलेल्या खणात ओळीनं ठेवलेली पक्ष्यांची कातडी.]

आत कापूस भरलेला आणि पायाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: कुठे मिळाला, कधी, कोणी गोळा केला. जनुकीय अभ्यासात या चिठ्ठीचं मोल पक्ष्याइतकंच आहे. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या जंगलात कोण राहत होतं आणि त्यांच्यात किती वैविध्य होतं, हे विचारायचं तर ठिकाण आणि साल पक्कं हवं. चिठ्ठी अदलाबदल झालेली असेल, तर उत्तम डीएनएसुद्धा चुकीच्या जागेची गोष्ट सांगतो.

अशा जुन्या कातड्यातून डीएनए वाचता येतो, हे 1984 मध्ये दिसलं. क्वागा हा झेब्र्याचा भाऊबंद. शेवटची क्वागा 1883 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. जर्मनीतल्या माइन्झच्या संग्रहालयातल्या कातड्याला चिकटून राहिलेल्या सुक्या स्नायूतून क्वागाच्या डीएनएची 229 अक्षरं, म्हणजे साखळीतले घटक, वाचली गेली.

[दृश्य: जवळून. पक्ष्याचा पाय, चिमटा, ब्लेडचं टोक.]

पक्ष्याचा नमुना घ्यायचा तो बोटाच्या तळच्या गादीतून. जुने संग्राहक कातडी सोलून आतून आर्सेनिक चोळत. पायाची बोटं मात्र तशीच राहत, म्हणून तिथे मूळ ऊती उरते. दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा पुरतो. प्रत्येक पक्ष्याला नवं ब्लेड आणि नवे हातमोजे. मोजमापासाठी लागणारे सांधे आणि नखं यांना हात लावायचा नाही. कीटकाचा एखादा पाय घेतात. सस्तन प्राण्यात दाताचं मूळ किंवा कवटीतलं नाकाचं पातळ हाड चालतं. ज्या नमुन्यावरून प्रजातीचं नाव ठरलं, त्याला ब्लेड लावण्याआधी दुसरा मार्ग नाही ना, हे तपासलंच पाहिजे. कापलेलं पुन्हा जोडता येत नाही.

पुढचं काम वेगळ्या खोलीत होतं, जिथे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया, कधीच केलेली नाही. पीसीआर झालेल्या खोलीत डीएनएच्या कोट्यवधी प्रती हवेत आणि टेबलावर असतात, आणि जुन्या नमुन्यातला डीएनए त्यांच्यापुढे नगण्य ठरतो. तुकडा आधी धुवायचा, म्हणजे आर्सेनिक आणि क्षार पुढच्या रसायनांच्या आड येत नाहीत. मग प्रोटिनेज के हे विकर आणि केराटिन (कातडी-नखांतलं चिवट प्रथिन) सैल करणारं डीटीटी हे रसायन घालून 56 अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायचं. सोबत एक रिकामी ट्यूब, सगळी रसायनं घातलेली पण ऊती नसलेली. त्या ट्यूबमध्ये डीएनए दिसला, तर त्या दिवशीच्या सगळ्या निकालांवर संशय घ्यायचा.

इथे एक चूक वारंवार होते. ताज्या ऊतीसाठी बनवलेलं नेहमीचं किट वापरलं, तर शंभर अक्षरांहून छोटे तुकडे धुण्यात वाहून जातात. जुन्या नमुन्यात बहुतेक डीएनए तेवढाच छोटा उरलेला असतो! म्हणून डीएनएला किटमधल्या सिलिकाशी बांधून धरणाऱ्या द्रावणाचं प्रमाण बरंच वाढवतात. सिक्वेन्सिंगआधी, म्हणजे अक्षरं वाचण्याआधी, डीएनए तोडण्याची पायरीही गाळतात. काळानं ते काम आधीच केलेलं असतं.

फॉर्मॅलिनमधले मासे आणि बेडूक याहून अवघड. फॉर्मॅलिन डीएनएला प्रथिनांशी जखडून टाकतं. तो सोडवायला उष्ण अल्कली वापरतात, आणि तरीही काही बरण्यांतून काहीच हाती लागत नाही.

[दृश्य: पडद्यावर अक्षरांच्या रांगा. तुकड्यांच्या टोकांशी लाल ठिपके.]

सर्वांत मोठा धोका वाचनात आहे. डीएनएतलं सायटोसिन हे अक्षर काळाच्या ओघात युरॅसिल होतं, आणि यंत्र तिथे थायमिन हे वेगळंच अक्षर वाचतं. हा बिघाड तुकड्यांच्या टोकांशी जास्त असतो. लक्षात आला नाही, तर तो जनुकीय फरक म्हणून मोजला जातो: शंभर वर्षांपूर्वी विविधता भरपूर होती आणि आता घटली, असा निष्कर्ष निघतो, तोही निव्वळ खराब रसायनावरून. संवर्धनाचे निर्णय अशा आकड्यांवर घेतले जातात, म्हणून इथे ढिलाई परवडत नाही.

उपाय आहेत. यूडीजी हे विकर युरॅसिल काढून टाकतं. ते अर्धवट वापरलं, तर बिघाड फक्त टोकांशी उरतो. डीएनए खरोखर जुना असल्याची खूण राहते आणि नंतर संगणकावर टोकं छाटता येतात. शंका असेल तर या बिघाडातून उद्भवू शकणारे फरक सरसकट वगळतात. माहिती कमी उरते, पण उरते ती भरवशाची. जुन्या नमुन्यांचं आजच्या नमुन्यांशी वाचन जुळवायचं, तर ताज्या डीएनएच्या वाचनाची संख्याही तेवढीच खाली आणावी लागते.

शेवटी नोंदी. काढलेला डीएनए उणे 80 अंशांना ठेवतात, आणि सिक्वेन्सच्या नोंदीत नमुन्याचा संग्रहालय क्रमांक लिहितात. चिठ्ठीशेजारी दुसरी छोटी चिठ्ठी जोडतात: कोणत्या बोटाचा तुकडा घेतला, कोणत्या तारखेला, कशासाठी. पुढच्या अभ्यासकाला त्याच पक्ष्याला पुन्हा ब्लेड लावावं लागू नये.