बंद वाचनालयात गेलात तर आधी दाखल रजिस्टर शोधा

बसा, पुढे जागा आहे अजून. मी आज एवढंच सांगणारे, की वर्षानुवर्षं कुलूप असलेल्या वाचनालयात पाय टाकल्यावर बघायचं काय. जाताना परवानगी काढूनच जायचं, ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला सोबत घ्यायचं आणि तोंडाला एन-९५ मास्क लावायचा. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि बुरशीची धूळ सरळ फुप्फुसात जाते, मी पहिल्या खेपेला नुसता रुमाल बांधून गेलो आणि नंतर आठवडाभर खोकत होतो.

आत शिरलं की सगळे कपाटांकडे धावतात. तुम्ही आधी छताकडे बघा. वाळवीनं पुस्तकं खाल्ली असं सगळे म्हणतात, पण मी जिथे जिथे गेलो तिथे सुरुवात पाण्यानं झालेली होती. गच्चीवरचा पाइप पानांनी तुंबतो, तो साफ करणारं कुणी उरलेलं नसतं, मग पाणी भिंतीतून उतरतं आणि नेमकं भिंतीला लावलेल्या कपाटात जातं. भिजलेलं पुस्तक फुगतं, घट्ट रांगेत सगळीच फुगली की एकमेकांत अशी अडकतात की ओढायला गेलं तर पुठ्ठा हातात येतो आणि पानं आतच राहतात. ४८ ते ७२ तासांत बुरशी धरायला लागते हो, आणि कुलूप तर वर्षानुवर्षांचं.

दुसरं म्हणजे रॅक. जुन्या मोठ्या वाचनालयांमध्ये काही ठिकाणी रॅक हाच इमारतीचा सांगाडा असतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या १९११ च्या मुख्य इमारतीत लोखंडी रॅकचे सात मजले आहेत आणि वरच्या भल्यामोठ्या वाचनकक्षाचा भार त्यांच्यावर आहे. त्यामुळे "रॅक भंगारात घालू, हॉल मोकळा होईल" असं कुणी म्हणालं तर आधी इंजिनिअरला विचारा, प्लीज.

आता मुद्द्याचं. देवघेवीच्या काउंटरमागे, खालच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर ग्रंथपालाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जाडजूड लांबट वह्या असतात, ते दाखल रजिस्टर. आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमानं त्यात चढवलेलं असतं, दाखल क्रमांक, तारीख, लेखक, किंमत, कुठून आलं आणि शेवटी शेरा. पुस्तकाची दुसरी प्रत जगात कुठेतरी मिळेल, ह्या वहीची मिळणार नाही, म्हणून ती आधी वाचवायची.

मी एका ठिकाणी जमिनीवर बसून असं रजिस्टर शेवटाकडून उलटं वाचत गेलो. शेवटची कित्येक पानं 'कुठून आलं' ह्या रकान्यात एकच शब्द, भेट, भेट, भेट. म्हणजे विकत घेतलेलं एकही पुस्तक नाही, लोकांनी घरातली आणून दिलेली तेवढीच. अजून मागे गेलो तेव्हा कुठे खरेदीची नोंद लागली, आणि तिथून शेवटच्या नोंदीपर्यंत चांगली अकरा वर्षं गेलेली. दाराला कुलूप लागायच्या निदान अकरा वर्षं आधीच तिथली खरेदी थांबली होती आणि बाहेरून कुणाला पत्ता नव्हता. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन, त्यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांत शेवटचं हेच आहे, ग्रंथालय ही वाढणारी सजीव संस्था आहे. वाढ कधी थांबली ते कळतं फक्त ह्या वहीत.

आणि हे पैशाचं गणित जुनंच आहे. अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी, त्याच्या पैशातून १८८३ ते १९२९ मध्ये जगभरात अडीच हजारांवर वाचनालयं उभी राहिली, पण तो माणूस साधारण अट घालायचा की इमारतीला दिलेल्या रकमेच्या दहा टक्के गावानं दरवर्षी चालवण्यासाठी द्यायचे. इमारत एकदा होते, पुस्तकं, पगार, छत हे दरवर्षी लागतं, आणि आपल्याला उद्घाटन तेवढं आठवतं.

तर रजिस्टर सापडलं की घरी न्यायचं नाही, तिथेच खिडकीपाशी न्यायचं. ओलं असेल तर पानं सोडवायची नाहीत, तसंच ठेवून जाणकाराला दाखवायचं. कोरडं असेल तर मोबाईलनं एकेक पान, फ्लॅश बंद, चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत, आणि शेऱ्याचा रकाना कापू नका. "गहाळ", "बाद", "पान १२ फाटले" असलं सगळं तिथेच असतं, बऱ्याचदा पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि ते पुसट अक्षर पान उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही.