घाटातला भूमिहीन शिपाई

नमस्कार, श्रोतेहो. दादरहून पुण्याला निघालात की कर्जतला गाडीला मागून इंजिन लागतं, वडापावची एक फेरी होते आणि घाट सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये खिडकीशी बसलात तर वणव्यानं काळे पडलेले उतार दिसतात. हा उन्हाळा दुसऱ्या महायुद्धातल्या एका इंग्रजी कवितेत आहे.

कवी अ‍ॅलन लुईस. वेल्समधल्या कोळसाखाणींच्या खोऱ्यात 1915 साली जन्मलेला शाळामास्तर. युद्धाचा तिटकारा असूनही 1940मध्ये सैन्यात गेला. 1942च्या डिसेंबरात त्याची पलटण बोटीनं मुंबईला उतरली आणि पुढे तिचा तळ पडला पुणे जिल्ह्यात, नीरेला.

‘द मराठा घाट्स’ या त्याच्या कवितेत तोफ नाही, शत्रू नाही. घाटमाथ्यावरची तांबडी माती आहे, पिठासारखी बारीक. शेणाच्या गोवऱ्या आहेत, हाडं वर आलेली जनावरं आहेत, खडकाळ तुकड्याला जखडलेली माणसं आहेत. देवांवर आणि पुजाऱ्यांवर तो चिडतो; तिथं मला तो परकाच वाटतो. काही महिन्यांच्या मुक्कामात खंडोबा कुणाला कळलाय? पण भूक त्यानं ओळखली. खाणवाल्यांच्या वस्तीत ती लहानपणापासून पाहिलेली होती.

दुसरी कविता करंजे गावाची. झाडूवाला सांगतो, गावात सोन्याच्या छताचं देऊळ आहे. साहेब जाऊन बघतो, तर डुकरं आणि गिधाडं. गंमत म्हणजे त्या इंग्रजी ओळीत ‘गाव’ हा आपला शब्द जसाच्या तसा आलाय.

मग फुटबॉल खेळताना जबडा मोडला आणि स्वारी पुण्याच्या लष्करी इस्पितळात. तिथं रात्री जागा राहून त्यानं बायकोसाठी, ग्वेनोसाठी, कविता लिहिली. दोघांमधलं अंतर त्यात साठ रेखांश म्हटलंय. मी नकाशा काढून मोजलं, सत्त्याहत्तर भरतात! विरहात सतरा अंश त्यानं परस्पर कापले.

5 मार्च 1944, ब्रह्मदेशातली आराकानची आघाडी. लढाईला तोंड लागण्याआधीच, सकाळी दाढी करून बाहेर पडलेला लुईस डोक्यात गोळी लागलेल्या अवस्थेत सापडला. पिस्तूल त्याचंच. चौकशीत अपघात ठरला. आत्महत्येची कुजबुज आजही आहे. वय 28.

आपल्या घाटाच्या कवितेत त्यानं शेवटी दोनच माणसं ठेवली आहेत. एक ओझं घेऊन चढ चढणारा भिकारी. दुसरा तुटता तारा पाहून ओरडलेला, युद्धात हरवलेला शिपाई. त्या शिपायाला त्यानं विशेषण लावलंय, भूमिहीन.