दिवा नेमके काय सांगतो?

श्रोतेहो, नमस्कार.

मी गेली बावीस वर्षे सॉफ्टवेअर तयार करण्याच्या व्यवसायात आहे. या व्यवसायात एक शब्दप्रयोग फार सोयीचा मानला जातो, तो म्हणजे ‘वापरणाऱ्याची चूक’. एखादी तक्रार आली, ती तपासली आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही, की हा शेरा मारून आम्ही तक्रार बंद करतो. मीही अशा असंख्य तक्रारी बंद केल्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच तक्रारींवरचा शेरा चुकीचा होता, असे आज माझे मत आहे.

त्यातली एक सांगतो. हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये एकच नोंद तीन-तीनदा होत असल्याची तक्रार आमच्याकडे आली होती. आम्ही सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्याने आपोआप ठेवलेल्या कामाच्या नोंदी पाहिल्या, तर नोंद खरोखरच तीन वेळा पाठवली गेली होती. म्हणजे बटण तीनदा दाबले गेले होते. शेरा तयारच होता. तरीही कोणीतरी सुचवले म्हणून मी त्या कार्यालयात गेलो आणि दुपारभर तिथल्या लेखापाल बाईंच्या मागे खुर्ची टाकून बसलो. त्या नोंद भरत, ‘सेव्ह’चे बटण दाबत आणि त्यानंतर चार-पाच सेकंद पडदा ढिम्म राही. बटणाचा रंग बदलत नसे, गोल फिरणारे चक्र दिसत नसे, आपले म्हणणे पोहोचले की नाही हे कळायला काहीच मार्ग नसे. दार वाजवल्यावर आतून ओ आली नाही तर माणूस पुन्हा वाजवतोच. बाई तेच करत होत्या.

याविषयीचे ठोकताळे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. संगणकाने किती वेळात उत्तर द्यावे याचा विचार संशोधक रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच मांडला होता आणि पुढे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी तो सोप्या रूपात सर्वत्र पोहोचवला. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद मिळाला तर तो तत्काळ मिळाल्यासारखा वाटतो, साधारण एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंद उलटले की लक्ष दुसरीकडे जाते. पण आम्ही ज्या संगणकावर ते सॉफ्टवेअर लिहीत होतो त्याच्याच पोटात आमचा चाचणीचा सर्व्हर होता, त्यामुळे आमच्यासमोर नोंद नेहमी डोळ्याचे पाते लवायच्या आत होई. लिहिणाऱ्याला आपल्या सॉफ्टवेअरचा त्रास बहुधा होत नाही, कारण तो त्याच्या सर्वांत सोयीच्या जागी बसलेला असतो.

पडद्याने बोलायला हवे हे एक झाले. त्याने खरे बोलायला हवे हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि त्यासाठी मला एका अपघाताची हकिगत सांगावी लागेल. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात वाढलेला दाब कमी करण्यासाठी एक झडप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती. तसा विद्युत संकेतही तिला गेला, पण ती अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला, कारण त्या दिव्याची जोडणी झडपेशी नव्हती, झडपेला जाणाऱ्या संकेताशी होती. दिवा विझला म्हणजे झडप मिटली, असा अर्थ तिथल्या कर्मचाऱ्यांनी घेतला. आपणही तोच घेतला असता. झडप दोन तासांहून अधिक काळ उघडी राहिली, अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी तिच्यातून निघून जात राहिले आणि यंत्रणेत पाणी जास्त झाले आहे असा समज होऊन कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठाही कमी केला. भट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

या अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी. संगणकाच्या तज्ज्ञ नसलेल्या विद्यार्थ्यांनाही प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून १९६४ मध्ये थॉमस कर्ट्झ यांच्यासह ‘बेसिक’ ही भाषा तयार करणारे केमेनी ते हेच. माझ्या पिढीतल्या अनेकांनी पहिला प्रोग्रॅम त्याच भाषेत लिहिला. यंत्र सामान्य माणसाला कळले पाहिजे, याचा ध्यास घेतलेल्या गणितज्ञाकडे ही चौकशी जावी, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. आयोगाच्या अहवालात कर्मचाऱ्यांच्या चुका आहेत, अपुरे प्रशिक्षण आहे आणि नियंत्रण कक्षाची रचनाही आहे. पहिल्या काही मिनिटांत तिथे शंभराहून अधिक धोक्याच्या घंटा वाजू लागल्या आणि त्यांतल्या बिनमहत्त्वाच्या दडपून टाकण्याची कोणतीही सोय नव्हती, असे तो अहवाल सांगतो.

या घंटांकडे पुन्हा येऊच. त्याआधी आपल्या रोजच्या कार्यालयाकडे पाहू, कारण झडपेचा तो दिवा आता आपल्या प्रत्येकाच्या नावापुढे लागलेला आहे. मी चॅटमधल्या हिरव्या ठिपक्याविषयी बोलतो आहे. घरून काम करण्याची पद्धत २०२० नंतर रूढ झाली तशी या ठिपक्याची किंमत वाढली. तो हिरवा असेल तर माणूस काम करतो आहे आणि पिवळा असेल तर कुठेतरी उलथला आहे, असे न बोलता ठरून गेले. वास्तविक त्या ठिपक्याची जोडणी कीबोर्ड आणि माऊस यांच्या हालचालीशी असते. कागद-पेन्सिल घेऊन तासभर एखाद्या अवघड आकृतीवर डोके लावणारा सहकारी त्या हिशेबाने गैरहजर असतो आणि माऊस उगाच इकडून तिकडे सरकवणारा कामात बुडालेला असतो. माऊस आपोआप हलता ठेवणारी छोटी उपकरणे बाजारात मिळतात. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने २०२४ मध्ये कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. फसवणूक ती फसवणूकच, तिचे समर्थन मी करणार नाही. पण बोटांची हालचाल म्हणजे काम, असे ज्या व्यवस्थेने ठरवले तिला अखेर बोटांची हालचालच मिळाली.

आमच्या प्रकल्पाच्या फळ्यावर ‘पूर्ण’ नावाचा रकाना होता, त्याचीही तीच गत होती. प्रोग्रॅमर आपल्या कामाचे कार्ड त्या रकान्यात सरकवी, आठवड्याच्या बैठकीत त्या कार्डांची संख्या वाचून दाखवली जाई आणि सगळ्यांना बरे वाटे. एका ग्राहकाने ‘पूर्ण’ झालेली सुधारणा आपल्याला दिसत नसल्याचे कळवले, तेव्हा ती चाचणीच्या सर्व्हरवरच पडून असल्याचे उघड झाले. ‘पूर्ण’ याचा अर्थ ‘माझ्या हातून सुटले’ एवढाच होता. आम्ही तो रकाना काढून टाकला आणि त्या जागी ‘ग्राहकाकडे चालू’ असा रकाना केला. पहिल्या महिन्यात त्यातली कार्डे इतकी थोडी होती की बैठकीत ती संख्या वाचायला कोणी धजावेना.

आता घंटांविषयी. माझ्या संगणकावर एका सकाळी आलेल्या सूचना मी मुद्दाम मोजल्या: नऊ ते बारा या तीन तासांत त्रेसष्ट. त्यांपैकी त्याच वेळी उत्तर देणे आवश्यक होते अशा दोन. बाकीच्या एकसष्ट सूचनांचा आवाज, आकार आणि पडद्याच्या कोपऱ्यातली जागा त्या दोन सूचनांसारखीच होती. कामातल्या व्यत्ययांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात असे आढळले की, कामात व्यत्यय आणलेली माणसे काम उलट लवकर संपवतात, मात्र त्यांच्यावरचा ताण, त्रागा आणि धावपळ वाढते. व्यवस्थापकाला या प्रयोगातले अर्धेच दिसते, कारण काम वेळेवर आलेले असते आणि त्रागा कोणत्याही अहवालात येत नाही.

आणि सूचना फार झाल्या की त्या वाचल्या जात नाहीत. इशाऱ्याच्या चौकटीवर ‘ओके’ दाबणे ही आता आपल्या बोटांची सवय आहे, तिच्याशी डोळ्यांचा संबंध राहिलेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जावरचे सुमारे ७८ लाख डॉलर व्याज धनकोंना पाठवायचे होते. गेले सुमारे ८९ कोटी डॉलर. मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तीन चौकटींवर खूण करावी लागत होती आणि प्रत्यक्षात एकीवरच झाली. व्यवहाराला तीन व्यक्तींनी मंजुरी दिली होती, इशाराही पडद्यावर आला होता, पण पैसे बँकेबाहेर जातील एवढेच त्या इशाऱ्यात म्हटले होते. किती जातील, ते नव्हते. तो एक आकडा तिथे असता तर त्या तिघांपैकी एकाचा तरी हात थबकला असता, असे मला वाटते.

बैठकांविषयी फार बोलत नाही, त्यांवर बोलण्यासाठी आधीच पुष्कळ बैठका होतात.

लेखापाल बाईंच्या ‘सेव्ह’ बटणाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. आता ते दाबताक्षणी मंद होते आणि त्यावर ‘पाठवत आहे’ असे दिसते. ‘नोंद झाली’ ही अक्षरे सर्व्हरने नोंद क्रमांक परत दिल्याशिवाय उमटत नाहीत, आणि जोडणी तुटली तर ‘नोंद झाली की नाही हे अजून कळलेले नाही’ असे स्पष्ट वाक्य येते. हे वाक्य लिहायला आमच्या तुकडीचा विरोध होता. सॉफ्टवेअरने आपले अज्ञान असे उघड करणे बरे दिसत नाही, असे काहींचे म्हणणे पडले. बाईंना मात्र तेच वाक्य सर्वांत उपयोगी वाटते. ते दिसले की त्या बटणाला हात न लावता आधी यादी उघडून पाहतात.

माझा हिरवा ठिपका मी गेल्या वर्षी बंद केला आणि खरोखर तातडीचे असेल तर दूरध्वनी करावा, असे सहकाऱ्यांना कळवले. पहिल्याच आठवड्यात चार दूरध्वनी आले. त्यांतला एक कामाचा होता. उरलेल्या तिघांना, मी रजेवर आहे का, एवढेच विचारायचे होते.