दमलास का रे?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना पोराला विचारून बघा, "दमलास का रे?" लगेच "नाही" म्हणतंय, कारण हो म्हटलं तर बाबा खाली न्यायचे. आणि हेच पोरगं गोल्फ क्लब ग्राउंडवर पीटीच्या सरांनी राउंड मारायला लावले की अर्ध्यातच "सर, लई दमलो". समोर कोण विचारतंय त्यावर उत्तर ठरतं, मग खरं कळायचं कसं?

मोठ्यांसाठी किती दमलो ते आकड्यात सांगायची पट्टी कधीचीच आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी केलेली, आकडे 6 ते 20. सहापासून का, तर आकड्याला दहाने गुणलं की तरुण माणसाच्या नाडीचे ठोके साधारण येतात, 6 म्हणजे निवांत बसलेला, 20 म्हणजे पार जीव काढलेला. डोकं चालवलंय राव! पण दुसरीतल्या पोराची नाडी बसल्याजागीच मोठ्यांपेक्षा जोरात चालते, शिवाय सहापासून सुरू होणारी पट्टी त्याच्या गळी उतरवायची कशी.

म्हणून मुलांसाठी चित्रं आली. 2000 साली अमेरिकेत पिट्सबर्गला रॉबर्टसन आणि मंडळींनी ऑम्नी स्केल केला, 0 ते 10. चढावर सायकल मारणारं एक पोरगं, खाली मजेत आणि वर पोचेपर्यंत पार गळालेलं. मूल चित्र बघतं आणि बोट ठेवतं, बस्स. मात्र आधी त्याला दोन्ही टोकं अंगाने कळायला हवीत, म्हणजे शांत बसवून सांगायचं हे शून्य, आणि तब्येत ठणठणीत असेल तर जीव खाऊन पळवून सांगायचं की हे दहाच्या जवळचं, नाहीतर काही पोरं सरळ आवडीचा आकडा सांगतात. विचारायचं पळता पळता, थांबून पाणीबिणी प्यायल्यावर नाही. आणि पाय किती दमले, छाती किती दमली हे वेगवेगळं विचारा, मला तर हाच भाग सगळ्यात कामाचा वाटतो, कारण पाय 8 आणि छाती 3 असेल तर सवय नाही इतकंच, पण पाय 3 आणि छाती 8 असं वारंवार येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

दमा असलेल्या मुलांसाठी कॅनडात धाप मोजायचा डलहौसी स्केल झाला, त्यात छाती आवळणं, घसा बंद होणं आणि श्वासाला लागणारा जोर यांची चित्रं वेगवेगळी आहेत. पळण्याने येणारा दमा बऱ्याचदा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत वाढतो, तेव्हा शर्यत संपली म्हणून लक्ष काढू नका. आणि काही मुलांना तर स्वतःचा दमा जाणवतच नाही, ती दोनवरच बोट ठेवतात, पण वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्या आत ओढल्या जातायत, अशा वेळी चित्रबित्र बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

एरवी घरी करायला एक सोपं आहे. मुलाला खोल श्वास घ्यायला सांगा आणि मोठ्याने एक ते पंधरा म्हणायला लावा, पहिला धरून किती श्वास लागले ते मोजा. पळायच्या आधी एकदा, नंतर एकदा, आणि दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा, डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या.