संपाविना वाटाघाटी

मित्रहो, कारखान्यातल्या युनियनच्या हाताशी शेवटी संप असतो. तो करायचा नसला, तरी करता येतो हे मालकाला ठाऊक असतं. पोलिसांच्या संघटनेला बहुतेक देशांत ही सोय नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1948 च्या 87 क्रमांकाच्या करारानेही पोलिसांना आणि सैन्याला संघटनेचे हक्क किती द्यायचे, हे ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडून दिलं. मग सरकारने त्यांचं ऐकावं तरी कशाला?

ऑगस्ट 1918 मध्ये, महायुद्ध चालू असताना, लंडनचे हजारो पोलीस संपावर गेले. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी पगारवाढ कबूल केली, युनियनला मान्यता मात्र दिली नाही. पुढच्या वर्षी डेस्बरो समितीच्या शिफारशींवरून पगार चांगलाच वाढला आणि त्याच वर्षीच्या पोलीस कायद्याने युनियन मोडीत काढून तिच्या जागी पोलीस फेडरेशन आणलं. त्याविरुद्ध दुसरा संप झाला. त्याचा सगळ्यात मोठा जोर लिव्हरपूलमध्ये होता. संपात उतरलेल्या सगळ्यांना बडतर्फ केलं, एकालाही परत घेतलं नाही. वाढलेला पगार घेतला तो घरी न बसलेल्यांनी.

तेव्हा संपाच्या जागी काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे लवाद. दोन्ही बाजूंचं जमलं नाही, तर तिसऱ्याने निवाडा द्यायचा. अमेरिकेत मिशिगन राज्याने 1969 मध्ये पोलीस आणि अग्निशमन दलासाठी असा बंधनकारक लवाद कायद्यानेच आणला. पुढे त्यात एक गंमत आली: आर्थिक मुद्द्यावर लवादाने मधला आकडा काढायचा नाही, दोघांपैकी एकाचा शेवटचा प्रस्ताव जसाच्या तसा उचलायचा. त्यामुळे कुणी अवाच्या सवा मागत नाही, आणि प्रशासनालाही हास्यास्पद आकडा पुढे करायची हिंमत होत नाही.

पण ‘बंधनकारक’ हा शब्द कागदावर नसेल तर काय होतं, ते 2007 मध्ये ब्रिटनमध्ये दिसलं. लवादाने पोलिसांना अडीच टक्के वाढ दिली. नेहमीप्रमाणे ती 1 सप्टेंबरपासून लागू व्हायची. गृहमंत्री जॅकी स्मिथ यांनी इंग्लंड आणि वेल्ससाठी ती 1 डिसेंबरपासून लागू केली. टक्का तोच, तारीख पुढे, म्हणजे वर्षाचा हिशेब केला तर वाढ एक पूर्णांक नऊ टक्क्यांवर आली. स्कॉटलंडच्या पोलिसांना मात्र पूर्ण रक्कम मिळाली. जानेवारी 2008 मध्ये सुट्टीवरचे हजारो पोलीस लंडनच्या रस्त्यावर मोर्चाने चालले. संप नव्हे, मोर्चा. फरक त्यांनी कसोशीने पाळला, आणि पैसे तरीही मिळाले नाहीत. तारखेचा खेळ ज्याला कळत नाही, त्याने वाटाघाटीच्या टेबलावर बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयर्लंडमध्ये नोव्हेंबर 2016 मध्ये उलटं घडलं. पोलिसांनी शुक्रवारी काम बंद ठेवण्याचा इशारा दिला आणि आदल्या संध्याकाळी श्रम न्यायालयाच्या शिफारशीवर तो मागे घेतला. नंतर संघटनांना त्या न्यायालयाचं दार कायद्याने उघडलं. माझ्या मते पगारवाढीपेक्षा हे दार मोठं.

आता पगार सोडून बोलू, कारण पोलिसाला पिळून काढतं ते वेळापत्रक. युरोपीय संघाच्या 2003 च्या निर्देशात दोन कामांच्या मध्ये सलग 11 तासांची विश्रांती आणि आठवड्याला सरासरी 48 तासांची मर्यादा आहे. ‘आम्हाला माणूस समजा’ अशी घोषणा केली, तर समोरचा अधिकारी मान डोलावतो आणि विसरतो. पण पाळी संपली सकाळी सहाला, साक्षीला कोर्टात हजेरी दहाला, तिथून सुटका चारला, पुढची पाळी रात्री दहाला, असा एकेकाचा हजेरीपट ओळीने मांडला की अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. मग मागणी नेमकी होते: साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कोर्टात बोलावलं तर बदली सुट्टी किती दिवसांत द्यायची, आयत्या वेळी बंदोबस्त लागला तर भत्ता किती, रात्रपाळ्या सलग किती. चांगले प्रतिनिधी हे हजेरीपट वर्षभर जमवत असतात. बैठकीच्या आदल्या रात्री ते उभे राहत नाहीत.

एक अडचणीची गोष्ट राहिली. काही संघटना पगारासोबत शिस्तीच्या चौकशीचे नियमही करारात ओढतात: चौकशी किती दिवसांनी सुरू करायची, जुन्या तक्रारींची नोंद कधी पुसायची. चौकशी न्याय्य व्हावी हा पोलिसाचा हक्कच आहे. पण ज्याच्यावर लाठी पडली, तो नागरिक त्या टेबलावर नसतो. त्याच्या तक्रारीचं काय करायचं, हे सरकार आणि संघटनेने बंद खोलीत ठरवू नये. कॅनडात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये राष्ट्रीय पोलीस दलाला सामूहिक वाटाघाटींपासून दूर ठेवणं घटनाबाह्य ठरवलं, आणि त्यांचा पहिला करार 2021 मध्ये झाला. सहा वर्षं लागली. वाटाघाटीचा हक्क मिळणं आणि करारावर सही होणं यांत एवढं अंतर असतं, हे नव्या संघटनेने सभासदांना पहिल्याच सभेत सांगून टाकावं.