किती दिवसांत संपायला हवं?

(दृश्य: नागपूरजवळची हिंगणा एमआयडीसी. छोट्या प्रयोगशाळेचं टेबल, त्यावर ऑर्डरचा कागद.)

प्लॅस्टिक घेणारा एरवी विचारतो, टिकेल किती? इथं बनतं ते शरीरात विरघळून जाणारं प्लॅस्टिक, म्हणून गिऱ्हाईक आधी विचारतं, संपेल कधी?

‘टाके काढायला यायची गरज नाही, आपोआप विरघळतील,’ असं डॉक्टर सांगतात, तो धागा याच घराण्यातला. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लाच्या साखळ्या. शरीरातलं पाणी त्या हळूहळू तोडतं आणि उरलेली आम्लं शरीर पचवून टाकतं. १९८९ साली अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरवरच्या ल्युप्रोलाइडचं महिन्यातून एकदाच टोचायचं इंजेक्शन मंजूर झालं. त्यातलं औषध याच साखळ्यांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, बारीक कणांत बसवलेलं होतं.

आता हा कागद बघा. लॅक्टाइड ५० टक्के, ग्लायकोलाइड ५० टक्के, म्हणजे त्याच दोन आम्लांपासून केलेला कच्चा माल निम्मा-निम्मा. हा साधारण महिना-दोन महिन्यांचा सोबती. लॅक्टाइड ७५ वर नेलं की मुक्काम चार-पाच महिन्यांवर जातो. आणि दोन वर्षं हवीत? मग हे कुटुंबच सोडायचं आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन या फार हळू विरघळणाऱ्या पॉलिमरकडे वळायचं.

(दृश्य: काचेचं भांडं, ऑइल बाथ, नायट्रोजनचा फुगा.)

भांड्यात लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइडचे पांढरे खडे. उत्प्रेरक म्हणून कथलाचं संयुग, स्टॅनस ऑक्टोएट, अगदी नखभर. आणि मोजून घातलेलं थोडं अल्कोहोल. खरी किल्ली ती. प्रत्येक साखळी त्याच्यापासून सुरू होते. अल्कोहोल जास्त तर साखळ्या जास्त, पण आखूड. कमी तर मोजक्या, पण लांब.

पंचाईत अशी, की पाणीही तेच काम करतं. जुलैत नागपूरची हवा ओली झाली, की न बोलावलेला पाहुणा भांड्यात शिरतो आणि साखळ्या आखूड पडतात. म्हणून भांडं ओव्हनमधून गरमच काढायचं आणि नायट्रोजनखाली थंड करायचं. ‘पाणी शिरलं का भाऊ, बॅच गेलीच समजा,’ हे इथं नव्या पोराला पहिल्याच दिवशी ऐकवतात.

तापमान १३० अंशांच्या वर गेलं, की खडे वितळतात आणि मिश्रण ढवळणारी चुंबकाची कांडी गरगर फिरते. मग तिचा वेग मंदावतो. पुढे ती अडकते, आणि अडकली की सगळे खूश! साखळ्या लांबल्याची ती खूण. यंत्रावरचे आकडे नंतर येतात. आधी नजर जाते कांडीकडेच.

तो घट्ट गोळा डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून थंड मिथेनॉलमध्ये ओततात. पांढरे तंतू खाली बसतात. उरलेला कच्चा माल बराचसा मिथेनॉलमध्येच राहतो. मग व्हॅक्यूममध्ये सुकवणं, एनएमआर यंत्रावर दोन घटकांचं प्रमाण तपासणं, जीपीसी यंत्रावर साखळीची लांबी बघणं. हे काम महत्त्वाचं, पण कॅमेऱ्यासाठी कंटाळवाणं, म्हणून पुढे जाऊ.

(दृश्य: मे महिना, दुपार. तापलेला रस्ता.)

या पॉलिमरला नागपूरचा उन्हाळा झेपत नाही. ५०:५० चा माल साधारण ४५ ते ५० अंशांत मऊ पडायला लागतो. मे महिन्यात इथला पारा सावलीतच ४५ पार करतो, बंद ट्रकच्या आतलं तर विचारूच नका. सुटे कण एकमेकांना चिकटून ढेकळं होतात. म्हणून माल उणे २० अंशांत ठेवायचा आणि थंड पेटीतूनच पाठवायचा.

आणि एक गंमत. मोठा तुकडा बाहेरून झिजत जाईल असं वाटतं, पण तो आतून आधी पोखरतो. तुटून तयार झालेलं आम्ल आत कोंडतं आणि तोडफोड आणखी वाढवतं. म्हणून गिऱ्हाइकाला दिवस विचारायचे, तसं हेही विचारायचं, की वस्तू किती जाड?

‘विघटनशील’ लिहिलेला कप नागपूरच्या भांडेवाडीतल्या कचऱ्याच्या ढिगावर टाकला की महिन्यात माती होईल, या भ्रमात मात्र कुणी राहू नये. पॉलिलॅक्टिक आम्लाच्या कपाला कंपोस्ट कारखान्यातली ५८-६० अंशांची ऊब, ओल आणि जंतू एकत्र लागतात. ढिगावर ते जुळून येईलच, याची खात्री कोण देणार?

(दृश्य: ॲल्युमिनियमची पिशवी सील होते.)

आजच्या मालावर ठळक अक्षरांत सूचना चिकटवली आहे: पिशवी फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच फोडा. थंडगार पिशवी घाईनं फोडली, तर हवेतलं पाणी थेट मालावर जमतं आणि संपायची तारीख तिथूनच सरकायला लागते.